एक अभ्यासक्रम, दोन विद्यापीठे : प्रवेशापूर्वी पाहावयाचे कागद

परदेशी शिक्षणाची वाट आता काही मोजक्या घराण्यांपुरती राहिलेली नाही. इंदूर, महू, देवास, धार, खंडवा आणि बुऱ्हाणपूर या भागांत पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले-मुलीही या वाटेने जाऊ लागली आहेत. त्यांत शिक्षकांची मुले आहेत, लहान व्यापाऱ्यांची आहेत आणि शेतकऱ्यांचीही आहेत. या वाटेला अलीकडे एक नवा फाटा फुटला आहे. शिक्षणाचा काही भाग आपल्या देशातील विद्यापीठात व उरलेला परदेशी विद्यापीठात पूर्ण करावयाचा आणि अखेरीस दोन्ही विद्यापीठांची मान्यता असलेली पदवी मिळवावयाची, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे. संपूर्ण शिक्षण परदेशात घेण्यापेक्षा यात खर्च कमी येतो आणि घरापासून दूर राहण्याचा काळही कमी होतो. त्यामुळे अनेक पालकांना ही योजना पसंत पडते.

अशा वेळी घरात सामान्यतः दोन प्रश्न विचारले जातात : खर्च किती येईल, आणि पुढे नोकरी मिळेल काय? तिसरा प्रश्न बहुधा फार उशिरा विचारला जातो. तो म्हणजे, ही पदवी आपल्या देशात ग्राह्य धरली जाईल काय? वास्तविक पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे या तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहेत. शेत गहाण ठेवून अथवा भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून मुलाला पाठवावे आणि चार वर्षांनी त्याच्या हाती आलेले प्रमाणपत्र येथे ग्राह्य ठरू नये, याहून मोठे नुकसान मध्यम स्थितीतील कुटुंबाला दुसरे नाही. हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येते. त्यासाठी प्रवेशापूर्वी कोणते कागद पाहावेत, त्यांत काय वाचावे व कोणास विचारावे, याची माहिती देण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

जुना अनुभव

परगावच्या विद्यापीठाची पदवी ही इंदूरला नवी गोष्ट नव्हे. होळकर महाविद्यालय १८९१ साली स्थापन झाले. इंदूरला स्वतःचे विद्यापीठ मात्र १९६४ साली मिळाले. त्यापूर्वी येथील विद्यार्थी दीर्घकाळ आग्रा विद्यापीठाच्या आणि १९५७ साली उज्जैनला विक्रम विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्या विद्यापीठाच्या परीक्षा देत असत. शिकावयाचे एका गावी आणि पदवी घ्यावयाची दुसऱ्या गावच्या विद्यापीठाची, ही रीत येथील जुन्या पिढ्यांच्या परिचयाची होती. १९६४ साली स्थापन झालेले इंदूर विद्यापीठच पुढे १९८८ पासून देवी अहिल्या विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले.

परंतु दोन देशांतील विद्यापीठांत शिकताना प्रशासकीय नियमांचे महत्त्व किती असते, हे समजून घ्यावयाचे असल्यास इंदूरपासून सुमारे २५ किलोमीटरवरील महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे पाहावे. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. जाण्यापूर्वी त्यांना संस्थानशी करार करावा लागला आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट मान्य करावी लागली. १९१५ साली त्यांनी कोलंबियाची एम. ए. पदवी मिळविली व १९१६ साली ते लंडनला गेले. तेथील अभ्यास अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. मात्र परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे जमविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे व मित्रांचे साहाय्य घेतले आणि मुदतीच्या आत, १९२० साली, ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्‌सी. व १९२३ साली डी. एस्‌सी. या पदव्या त्यांनी तेथे संपादन केल्या.

कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच. डी. पदवीची हकीकतही तितकीच बोधप्रद आहे. प्रबंध पूर्वीच मान्य झाला होता. परंतु त्याच्या छापील प्रती विद्यापीठास सादर केल्यावाचून पदवी द्यावयाची नाही, असा नियम होता. प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने लंडनला प्रसिद्ध झाला आणि पदवी प्रत्यक्षात १९२७ साली मिळाली. एवढ्या असामान्य बुद्धिमत्तेच्या विद्यार्थ्यालाही शिष्यवृत्तीची मुदत, पुनःप्रवेशाची परवानगी आणि छापील प्रतींचा नियम यांतून सुटका नव्हती. आजचे नियम वेगळे असले तरी त्यांचे स्वरूप तेच आहे. विद्यार्थ्याने केलेला अभ्यास आणि त्याच्या हाती पडणारी पदवी यांच्यामध्ये नेहमी काही कागद उभे असतात. ते वेळीच ओळखणे हिताचे असते.

तीन प्रकार, तीन वेगळे अर्थ

भारतीय व परदेशी उच्च शिक्षण संस्थांनी मिळून अभ्यासक्रम चालविण्याविषयीचे विनियम विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये अधिसूचित केले. त्यांनी २०१६ च्या विनियमांची जागा घेतली. या विनियमांत तीन प्रकार सांगितले आहेत. माहितीपत्रकांत या तिन्हींना सरसकट ‘परदेशी पदवी’ असे म्हटलेले आढळते. परंतु त्यांतील भेद मोठा आहे.

पहिला प्रकार ट्विनिंगचा. यात विद्यार्थी अभ्यासक्रमाचा काही भाग परदेशी संस्थेत पूर्ण करतो. परंतु पदवी केवळ भारतीय संस्थेची मिळते. परदेशात मिळविलेले श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांहून अधिक असू शकत नाहीत.

दुसरा प्रकार संयुक्त पदवीचा. यात दोन्ही संस्था मिळून अभ्यासक्रम आखतात आणि अखेरीस दोन्ही संस्थांची बोधचिन्हे असलेले एकच प्रमाणपत्र दिले जाते. येथे विद्यार्थ्याने प्रत्येक संस्थेतून किमान ३० टक्के श्रेयांक मिळविले पाहिजेत.

तिसरा प्रकार दुहेरी पदवीचा. यात दोन्ही संस्था आपापली पदवी स्वतंत्रपणे, परंतु एकाच वेळी देतात. त्यासाठी दोन्ही संस्थांच्या प्रवेशाच्या अटी पूर्ण कराव्या लागतात, दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करून प्रवेश घ्यावा लागतो आणि किमान ३० टक्के श्रेयांक भारतीय संस्थेतून मिळवावे लागतात. एकाच पाठ्यविषयाचे श्रेयांक दोन्हीकडे दोनदा मोजता येत नाहीत.

या टक्केवारीचा प्रत्यक्ष अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. आयोगाच्या २०२२ च्या अभ्यासक्रम चौकटीनुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० व चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक लागतात, म्हणजे वर्षाला साधारण ४०. चार वर्षांच्या पदवीत १६० चे ३० टक्के म्हणजे ४८ श्रेयांक झाले. याचा अर्थ असा की, ट्विनिंगमध्ये परदेशात घालविता येणारा काळ एका वर्षाहून थोडाच अधिक आहे. उलट दुहेरी पदवीत निदान एका वर्षाहून थोडा अधिक अभ्यास भारतात झालाच पाहिजे. ‘ट्विनिंग’ म्हणून प्रवेश देऊन ‘दोन वर्षे परदेशात व तेथील पदवी’ असे कोणी सांगत असेल, तर ते विनियमांशी जुळत नाही, हे पालकांना कागदावर आकडेमोड करून स्वतःच ताडता येईल.

या तीन प्रकारांखाली रीतसर मिळालेल्या पदवीस भारतात पुन्हा समकक्षता प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. ती भारतीय संस्थेच्या त्याच पदवीशी समतुल्य मानली जाते. ही मोठी सोय आहे. परंतु ‘रीतसर’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. व्यवस्था विनियमांत बसत नसेल तर ही सोय मिळत नाही.

ज्यांची गल्लत होते अशा गोष्टी

दुहेरी पदवीच्या नावाखाली आणखी काही वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने एकाच विद्यार्थ्यास एकाच वेळी दोन शैक्षणिक कार्यक्रम पूर्ण करण्याची मुभा देणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. ती सवलत वेगळी आहे. तिचा परदेशी संस्थेशी होणाऱ्या करारांशी संबंध नाही. तसेच काही तंत्रशिक्षण संस्थांत पाच वर्षांत पदवी व पदव्युत्तर पदवी मिळते, त्यासही दुहेरी पदवी म्हणतात. तीही याहून वेगळी होय. एका सत्रापुरते परदेशी संस्थेत जाऊन परत येण्याच्या विद्यार्थी-विनिमय योजनेत परदेशी पदवी मिळत नाही. केवळ तेथील गुणपत्रक मिळते. या सर्व योजना आपापल्या जागी उपयुक्त आहेत. एकीच्या नावावर दुसरीचे शुल्क भरले जाऊ नये, इतकेच.

इंदूरच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९६ साली स्थापन झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था आणि २००९ साली सुरू झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था या दोन्ही संस्था संसदेच्या स्वतंत्र कायद्यांखाली चालतात. अशा संस्थांचे परदेशी संस्थांशी होणारे करार त्यांच्या अधिकारमंडळांच्या नियमांनुसार होतात. याचे जुने उदाहरण महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाबरोबर २००८ साली संयुक्त संशोधन अकादमी स्थापन केली. तेथील संशोधक विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांचे मार्गदर्शक लाभतात व दोन्ही संस्थांची मिळून पीएच. डी. पदवी मिळते. म्हणून प्रथम संस्था कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहावे आणि त्यानुसार नियम विचारावेत.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न संस्थेच्या अधिकाराचा. ज्या भारतीय संस्थेला नॅक या नावाने परिचित असलेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेकडून किमान ३.०१ गुणांक मिळाला आहे, अथवा जी राष्ट्रीय मानांकनाच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरांत आहे, अथवा जिला विशेष प्रतिष्ठित संस्थेचा दर्जा आहे, ती संस्था टाइम्स हायर एज्युकेशन किंवा क्यू. एस. यांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत असलेल्या परदेशी संस्थेशी आयोगाच्या पूर्वमान्यतेवाचून करार करू शकते. इतरांना आयोगाची मान्यता घ्यावी लागते. मानांकनास मुदत असते. म्हणून प्रवेशाच्या दिवशी ते वैध आहे काय, हे पाहावे. महाविद्यालयाच्या नावावर न थांबता पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार, हेही विचारावे.

दुसरा प्रश्न विषयाचा. तंत्र, वैद्यक, विधी, कृषी अशा व्यावसायिक विषयांत संबंधित वैधानिक परिषदेची मान्यताही आवश्यक असते. ती नसल्यास पदवी मिळूनही व्यवसायाची नोंदणी अडू शकते.

तिसरा प्रश्न अध्यापनाच्या पद्धतीचा. हे विनियम ऑनलाइन व दूरस्थ पद्धतीच्या अभ्यासक्रमांना लागू नाहीत. तसेच परदेशी संस्थेच्या नावाने केवळ शाखा चालविण्याची, म्हणजे फ्रँचायझीची पद्धतही त्यांत मान्य नाही. परदेशी संस्थांशी परस्पर हातमिळवणी करून पदव्या देऊ करणाऱ्या संस्था व ऑनलाइन शिक्षण कंपन्या यांच्याविषयी आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून विद्यार्थ्यांना सावध केले होते.

चौथा प्रश्न कराराचा. दोन संस्थांमधील करारात विद्यार्थ्याची सही नसते; परंतु त्याचे भवितव्य त्या करारावर अवलंबून असते. सबब कराराची तारीख, मुदत, ज्या अभ्यासक्रमाला तो लागू आहे त्याचे नाव आणि मुदत मध्येच संपल्यास आधी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे काय होईल, एवढ्या चार गोष्टींची लेखी माहिती मागावी. ‘सामंजस्य करार झाला आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. अनेक सामंजस्य करार केवळ सदिच्छेचे असतात. त्यांत पदवीचा उल्लेखही नसतो. संस्था शासकीय विद्यापीठ असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करूनही ही माहिती मागता येते.

पाचवा प्रश्न मध्येच परतावे लागल्यास काय, हा. आजारपण, घरची अडचण, अथवा प्रवेशपरवाना न मिळणे, अशा कारणांनी विद्यार्थी परदेशी टप्पा पूर्ण करू शकला नाही, तर त्याला कोणती पदवी वा प्रमाणपत्र मिळेल व त्याचे कोणते श्रेयांक राखले जातील, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. अशा बाहेर पडण्याच्या वाटा संस्थांनी विद्यार्थ्यांना स्पष्ट करून द्याव्यात, असे विनियमांतच म्हटले आहे. शुल्काचा संपूर्ण तपशील प्रवेशाच्या वेळी जाहीर करणे हेही संस्थेचे कर्तव्य आहे.

श्रेयांकांचा व गुणांचा हिशेब

श्रेयांक म्हणजे अभ्यासासाठी दिलेल्या वेळेचे माप होय. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत एका वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १,२०० तासांचा अभ्यास धरला आहे. युरोपातील पद्धतीत एका वर्षाचे ६० श्रेयांक असतात व एक श्रेयांक २५ ते ३० तासांचा असतो. म्हणजे त्यांचे वर्ष १,५०० ते १,८०० तासांचे होते. वर्षाला वर्ष असा हिशेब केला तर आपले दोन श्रेयांक त्यांच्या तिनांबरोबर होतात. तासाला तास असा केला तर उत्तर निराळे येते. कोणता हिशेब धरावयाचा हे विद्यार्थ्याने ठरवावयाचे नसून करारात ठरलेले असावयास हवे. त्यासाठी प्रस्थानापूर्वी विषयवार तक्ता तयार करून घ्यावा : तेथील कोणता विषय येथील कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल आणि त्याचे किती श्रेयांक मिळतील. या तक्त्यावर दोन्ही संस्थांच्या अधिकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. परत आल्यावर होणारे पुष्कळ वाद या एका कागदाने टळतात.

गुणांकनाचीही हीच गोष्ट आहे. फ्रान्समध्ये गुण २० पैकी दिले जातात व १० ला उत्तीर्ण मानतात. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुणांक असून ४ पर्यंत उत्तीर्ण धरतात. तेथील १.३ हा उत्कृष्ट गुणांक आपल्या दहाच्या मापनाने वाचला तर विद्यार्थी अनुत्तीर्ण दिसेल. म्हणून गुणांतराची रीतही लेखी असावी.

कागदपत्रांची जुळवाजुळव

या भागातील मराठी विद्यार्थ्यांची एक विशेष अडचण नावाची आहे. महाराष्ट्रीय पद्धतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम असतो. मध्यप्रदेशातील शालेय कागदांत अनेकदा मधले नाव गाळलेले असते. ‘शिंदे’ व ‘शिन्दे’, ‘देशपांडे’ व ‘देशपाण्डे’ असे लेखनभेद हिंदी कागदांत आढळतात आणि रोमन लिपीत त्यांचे आणखी भेद होतात. विवाहानंतर मुलीचे आडनाव बदलले असल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. जन्मस्थळाचीही तीच गोष्ट : महूचे अधिकृत नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर झाले आहे. त्यामुळे जन्मदाखल्यावर एक नाव व पारपत्रावर दुसरे, असे घडू शकते. दहावीचे गुणपत्रक, जन्मदाखला, आधारपत्र व पारपत्र हे चार कागद शेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावेत आणि दुरुस्ती करावयाची असेल तर ती प्रवेशअर्जापूर्वी करावी. नंतर केलेल्या दुरुस्तीचा पुरावा प्रत्येक कार्यालयास पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

पारपत्राचे क्षेत्रीय कार्यालय भोपाळ येथे आहे. उत्पन्न, जात व मूळ रहिवास यांचे दाखले मध्यप्रदेशात लोकसेवा केंद्रामार्फत अर्ज करून मिळतात. शिष्यवृत्तीसाठी हे दाखले ठरावीक काळातील लागत असल्याने त्यांच्या तारखांकडे लक्ष ठेवावे.

परदेशात सादर करावयाच्या शैक्षणिक प्रमाणपत्रांवर बहुधा ॲपोस्टिल नावाचा शिक्का लागतो. याविषयीचा हेग येथील आंतरराष्ट्रीय करार भारताला २००५ पासून लागू आहे. प्रथम राज्यातील सक्षम अधिकाऱ्याचे साक्षांकन व नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा याचा क्रम आहे. सर्व देशांची रीत एक नाही. जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ए. पी. एस. या संस्थेकडून आपली शैक्षणिक कागदपत्रे पडताळून घ्यावी लागतात. म्हणून कोणता शिक्का लागतो, हे त्या देशाच्या दूतावासाच्या सूचनेवरून ठरवावे, मित्राच्या अनुभवावरून नव्हे.

एक सूचना अगत्याने द्यावीशी वाटते. आपल्या विद्यापीठाचे मूळ स्थलांतर प्रमाणपत्र काढून ते परदेशी संस्थेस देण्यापूर्वी आपल्या विद्यापीठास लेखी विचारावे. दुहेरी पदवीत विद्यार्थी येथील नोंदणी सोडून जात नसतो. ती चालू राहणे हाच या योजनेचा पाया आहे. परदेशातील काळात येथील नावनोंदणी, शुल्क व परीक्षा अर्ज यांच्या तारखा कोण सांभाळणार, हेही घरात ठरवून ठेवावे. सर्व कागदांच्या साक्षांकित प्रतींचा एक संच घरी आणि एक विद्यार्थ्याजवळ ठेवावा. १९१७ साली डॉ. आंबेडकर परतत असताना त्यांची पुस्तके व सामान घेऊन येणारी बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली होती. आज कागद हरविण्याची कारणे साधी असतात. नुकसान मात्र तसेच होते.

पैशाची तजवीज

शिष्यवृत्त्यांबाबत मराठी कुटुंबांनी एक भेद ध्यानात ठेवावा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. परंतु ती महाराष्ट्राच्या रहिवाशांकरिता आहे. केवळ मातृभाषा मराठी असल्याने तिचा लाभ मिळत नाही. इंदूरच्या रहिवाशांनी मध्यप्रदेश शासनाच्या विदेश अध्ययन शिष्यवृत्ती योजनांची व केंद्र शासनाच्या राष्ट्रीय समुद्रपार शिष्यवृत्तीची चौकशी करावी. समुद्रपार शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर या वर्गांतील विद्यार्थ्यांना परदेशातील पदव्युत्तर व पीएच. डी. शिक्षणासाठी दिली जाते. अर्धे शिक्षण येथे व अर्धे तेथे, अशा अभ्यासक्रमास ती लागू होते काय, याचे उत्तर अर्जापूर्वी लेखी घेणे श्रेयस्कर.

कर्ज घेताना बँकेस दोन्ही संस्थांची प्रवेशपत्रे व दोन्ही टप्प्यांचा खर्च दाखवावा. केवळ पहिल्या टप्प्याचे कर्ज मंजूर करून घेतले आणि दुसऱ्या टप्प्यास तारण कमी पडले, तर शिक्षण मध्येच अडते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी पाठविता येते. त्यावर वसूल होणाऱ्या कराचा दर अर्थसंकल्पानुसार बदलतो. तो बँकेकडून विचारून घ्यावा. काही देश निर्वाहाच्या रकमेची आगाऊ तजवीज दाखविण्यास सांगतात. उदाहरणार्थ, जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो गोठविलेल्या खात्यात ठेवण्याची अट घातली. शिक्षणशुल्क नाही, म्हणजे खर्च नाही, असा समज त्यामुळे करून घेऊ नये.

तेथे गेल्यावर आणि परतल्यावर

परदेशी पोहोचल्यावर विद्यार्थ्याने परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर आपली नोंदणी करावी, म्हणजे अडचणीच्या प्रसंगी भारतीय दूतावासास त्याचा ठावठिकाणा माहीत असतो. प्रत्येक सत्राअखेर तेथील गुणपत्रकाची अधिकृत प्रत घेऊन आपल्या विद्यापीठास पाठवावी. शेवटी सर्व एकदम देण्यासाठी थांबू नये. एखादा विषय बदलावा लागल्यास पूर्वीच्या तक्त्यात तशी दुरुस्ती दोन्ही संस्थांकडून करवून घ्यावी.

परतल्यावर संयुक्त पदवीचे एक आणि दुहेरी पदवीची दोन प्रमाणपत्रे, तसेच दोन्ही संस्थांची गुणपत्रके हाती आहेत काय, हे पाहावे. ज्यांनी संपूर्ण शिक्षण परदेशी संस्थेत घेतले, त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. अशा पदव्यांच्या समकक्षतेविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये स्वतंत्र विनियम अधिसूचित केले असून, व्यावसायिक परिषदांच्या कक्षेतील विषय त्यांतून वगळले आहेत. दोन्ही प्रकारच्या नियमांची सरमिसळ होऊ देऊ नये.

शिक्षकांचे व कार्यालयांचे साहाय्य

ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी परदेशी जात आहे, त्या घरास माहितीपत्रकाची इंग्रजी भाषा अवघड वाटते आणि मध्यस्थाचे आश्वासन सोपे वाटते. येथे गावच्या व वस्तीतील शिक्षकांनी पुढे होणे इष्ट आहे. माहितीपत्रक पालकांना मराठीतून अथवा हिंदीतून समजावून द्यावे, वरील पाच प्रश्न विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावेत आणि ते संस्थेकडे टपालाने अथवा ई-पत्राने पाठविण्यास सांगावे. मध्यस्थाने दिलेले उत्तर हे संस्थेचे उत्तर नव्हे. संस्थेच्या अधिकाऱ्याच्या सहीचे उत्तर तेवढेच ग्राह्य मानावे. उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणासंबंधी आयोगाने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय व्यवहार कार्यालय स्थापावे असे म्हटले आहे. विद्यार्थ्यांनी प्रथम तेथेच जावे. संबंधित अधिकाऱ्यांनीही अशा विद्यार्थ्याला केवळ परिपत्रकाचा क्रमांक न सांगता पुढील पायरी सांगावी आणि दाखला वेळेत द्यावा. येथील आठ दिवसांच्या विलंबाने परदेशातील प्रवेशाचे एक वर्ष जाऊ शकते.

नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून प्रवेशाच्या वर्षी आयोगाच्या व दूतावासाच्या ताज्या सूचना पाहणे आवश्यक आहे. परंतु प्रश्न फारसे बदलत नाहीत. पदवी कोण देणार, कोणत्या नियमाखाली देणार, मध्येच परतावे लागल्यास हाती काय राहणार आणि हे सर्व कोणत्या कागदावर लिहिले आहे, एवढे चार प्रश्न शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी प्रत्येक पालकाने विचारावेत. उत्तर लेखी मिळाल्यास विद्यार्थ्याला निश्चिंत मनाने पाठवावे. ते मिळत नसेल, तर एक वर्ष थांबून दुसरी संस्था शोधण्यात कमीपणा नाही. घरची जमीन आणि मुलाची उमेदीची वर्षे या दोन्ही गोष्टी पुन्हा मिळवणे सोपे नसते.